शेजारी तिघं, वाटा दोन: वाटाण्याच्या क्लोरोप्लास्टवरच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

विषय एकदाचा पक्का झाला. क्लोरोप्लास्टला, म्हणजे पानातल्या हिरव्या, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या कणाला, जी प्रोटीनं लागतात त्यातली बहुतेक सगळी तो स्वतः बनवतच नाही, त्याच्या स्वतःच्या डीएनएवर ८० च्या आसपास प्रोटीनांची जीन्स उरलीयत आणि आत लागतात २ ते ३ हजार, म्हणजे बाकी सगळी न्यूक्लियसच्या जीन्सवरून बाहेर सायटोसोलमध्ये, म्हणजे पेशीतल्या द्रवात, बनतात आणि मग आत न्यावी लागतात. आणि आत म्हणजे तरी नक्की कुठे, कारण आधी बाहेरचं एन्व्हलप (आवरण), मग आतलं एन्व्हलप, मग स्ट्रोमा म्हणजे आतला द्रव, त्यात पुन्हा थायलाकॉइड नावाच्या पिशव्यांचं मेम्ब्रेन (पडदा) आणि त्याच्या पोटात लुमेन. लुमेनमध्ये जायचं असेल तर तीन मेम्ब्रेनं ओलांडायची.

मॅडमनी फोटोसिस्टिम २, म्हणजे थायलाकॉइडमधल्या उजेड वापरणाऱ्या यंत्रणेचं चित्र पुढ्यात टाकलं. पाणी फोडून ऑक्सिजन सोडणारा जो भाग आहे त्याला लुमेनच्या बाजूने तीन प्रोटीनं चिकटलेली असतात, ओई३३, ओई२३ आणि ओई१७, आकडे म्हणजे किलोडाल्टनमधलं साधारण वजन. तिघं एकमेकांना खेटून बसतात, काम एकच, पत्ता एकच. पण थायलाकॉइड ओलांडताना ओई३३ सेक नावाच्या वाटेने जातं आणि बाकीची दोघं टॅट नावाच्या वाटेने. "का जातात ते तुझ्याच्याने सुटणार नाही, पण जातात हे स्वतःच्या हाताने दाखव," मॅडम म्हणाल्या. म्हणजे सेक अडवायचं आणि बघायचं कोण अडकतं, मग टॅट अडवायचं आणि बघायचं कोण अडकतं. ऐकायला दोन ओळींचं काम आहे.

९ नोव्हेंबर

वाटाणा पेरला. ऑक्टोबर हीटमध्ये काही अर्थ नव्हता, रोपं नुसती लांबुळकी होऊन पडतात, आता रात्री जरा गार पडायला लागलंय. आर्केल जातीचं बी आणलं, बुरशीनाशकाने गुलाबी झालेलं असतं ते, त्यामुळे पाण्याचा रंग जाईपर्यंत धुवायचं आणि रात्रभर भिजत ठेवायचं. कोकोपीटचे ट्रे भरायला मामांनी मदत केली. "ताई, शेंगा कधी?" म्हणाले. म्हटलं मामा, शेंगा येण्याआधीच कापायचंय, दहा-बारा दिवसांचं कोवळं रोप पाहिजे. पान जुनं झालं की क्लोरोप्लास्ट बऱ्याचशा प्रोटीनांना आत घ्यायला मंद होतो, आणि कोवळ्या पानात तोच भुकेला असतो कारण तिथे अजून सगळं उभारायचं चाललेलं असतं.

सगळं जग या कामाला वाटाणाच का घेतं हाही प्रश्न पडला होता. पालकातून क्लोरोप्लास्ट छान निघतात, अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाचे म्युटंट्स मिळतात, पण वाटाणा स्वस्त, पटकन वाढतो, पान मऊ, आणि टॉक-टिकचे, म्हणजे प्रोटीनं आत घेणाऱ्या यंत्रणेचे, बरेचसे भाग मुळात वाटाण्यातच सापडलेत.

१९ नोव्हेंबर

पहिलं आयसोलेशन. सकाळी दिवे लागायच्या आत कापणी, कारण दिवसभर उजेड मिळाला की क्लोरोप्लास्टमध्ये स्टार्चचे दाणे साठतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये तेच दाणे पोटातून क्लोरोप्लास्ट फाडून बाहेर पडतात. सगळं कोल्ड रूममध्ये, सगळं बर्फावर. ३३० मिलिमोलर सॉर्बिटॉल घातलेल्या बफरमध्ये मिक्सर दोन-तीनदा फक्त फिरवून सोडायचा, चटणी करायची नाही. गाळायला ते महागडं इंपोर्टेड कापड नव्हतं, मलमलचे चार पदर घेतले, चाललं. मग पर्कॉलचा ग्रेडियंट, म्हणजे कमी-जास्त घनतेचे थर, खाली ८० टक्के, वर ४० टक्के, आणि रोटरचा ब्रेक बंद, नाहीतर थांबताना सगळे थर ढवळून निघतात.

ट्यूब बाहेर काढली तेव्हा दोन हिरवे पट्टे होते. वरचा जाड, पसरट, तो फुटलेल्यांचा. खालचा ४० आणि ८० च्या सीमेवर बारीक, गडद आणि कडेने स्वच्छ, तो अखंड क्लोरोप्लास्टचा. टोक कापलेल्या टिपने खालचा अलगद ओढून घेतला. फेज काँट्रास्टखाली अखंड असलेले कडेने चमकतात, फुटलेले काळपट दाणेदार दिसतात. बहुतेक चमकत होते. खरं सांगायचं तर मी उगाचच बराच वेळ बघत बसले.

क्लोरोफिल मोजलं, १० मायक्रोलिटर घेऊन ८० टक्के ॲसिटोनमध्ये शंभरपट पातळ, ६५२ नॅनोमीटरला ०.३८ आलं, भागिले ३४.५ गुणिले १००, म्हणजे मिलीला साधारण १.१ मिलिग्रॅम. पुढचं सगळं यावरच मोजायचं, दर रिॲक्शनला किती क्लोरोप्लास्ट हे क्लोरोफिलच्या वजनात सांगायची पद्धत आहे.

२१ नोव्हेंबर

रेडिओॲक्टिव्ह मेथायोनिन वापरायची परवानगी आमच्याकडे नाही. जुन्या पेपरांमध्ये सगळे व्हीट जर्म लायसेटमध्ये ३५-सल्फरवालं प्रिकर्सर (आत जाण्याआधीचं, काही न कापलेलं प्रोटीन) बनवतात आणि फिल्मवर बँड बघतात, आपल्याला ते जमणार नाही. मग ई. कोलायमध्ये प्रिकर्सर बनवायचं, शेपटीला हिस-टॅग ही ओळखीची खूण लावून, ते इन्क्लुजन बॉडीजमध्ये (प्रोटीनच्या गोळ्यांमध्ये) जातं ते युरियात विरघळवायचं आणि शेवटी वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे जेलवर साइजप्रमाणे सुटी केलेली प्रोटीनं कागदासारख्या मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने हवं ते शोधायचं. टॅग शेपटीलाच का, तर पुढच्या टोकाला पत्ता असतो आणि तो आत गेल्यावर कापला जातो, तिकडे टॅग लावला तर पत्त्याबरोबर टॅगही गेला.

हा पत्ता म्हणजे ट्रान्झिट पेप्टाइड. १९७७ मध्ये डॉबरस्टाइन, ब्लोबेल आणि चुआ यांनी क्लॅमिडोमोनास या शेवाळात दाखवलं की रुबिस्को या कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या एन्झाइमचं छोटं सबयुनिट आधी मोठं बनतं, २० किलोडाल्टनचं, आणि नंतर कापून छोटं होतं. ब्लोबेलना प्रोटीनांच्या अंगातच त्यांचा पत्ता असतो या कामासाठी १९९९ चं नोबेल मिळालं. माझ्या तिघांकडे मात्र पत्ता दुहेरी आहे, पहिला तुकडा क्लोरोप्लास्टच्या आत स्ट्रोमापर्यंत आणतो आणि तिथे कापला जातो, की त्याच्या मागचा दुसरा उघडा पडतो, तो थायलाकॉइडचा. लुमेनमध्ये पोचल्यावर तोही कापला जातो. म्हणजे एकाच प्रोटीनचे तीन साइज: प्रिकर्सर, मधलं, आणि शेवटचं. माझ्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे कारण जेलवर नुसत्या साइजवरून कळतं की गाडं कुठवर आलंय.

२७ नोव्हेंबर

कंट्रोल म्हणून आधी रुबिस्कोचं छोटं सबयुनिट. ते फक्त स्ट्रोमापर्यंतच जातं, २० चं १४ होतं, सोपं. क्लोरोप्लास्ट, प्रिकर्सर, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम-एटीपी (एटीपी म्हणजे पेशीचं इंधन), २५ डिग्री, १५ मिनिटं. मग बर्फावर थर्मोलायसिन. हे प्रोटीएज, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम, बाहेरचं एन्व्हलप ओलांडत नाही, त्यामुळे जे बाहेर नुसतं चिकटलंय ते खाल्लं जातं आणि जे खरंच आत गेलंय ते वाचतं.

ब्लॉट आला, १४ ला बँड, थर्मोलायसिननंतरही तसाच. एटीपी नसलेल्या लेनमध्ये काही नाही (ही लेन अंधारात, आणि ॲपायरेज घालून उरलंसुरलं एटीपी काढून टाकलेली, नाहीतर क्लोरोप्लास्ट उजेडात स्वतःच एटीपी बनवून मोकळा होतो). चौथ्या लेनमध्ये क्लोरोप्लास्टलाच आधी थर्मोलायसिन दिलं होतं, म्हणजे बाहेरचे रिसेप्टर तासून काढले, आणि तिथे बँड अगदी फिका. मला तर मुख्य लेनपेक्षा हीच लेन जास्त आवडली. नुसता बँड दिसणं म्हणजे काहीच नाही, दार तासल्यावर तो जातो तेव्हा कळतं की दारातूनच येत होता.

पुढच्यांसाठी एक लिहून ठेवते, थर्मोलायसिन कॅल्शियमवर चालतं, थांबवायला कॅल्शियम पकडणारं ईडीटीए, आणि ते ईडीटीए सॅम्पल बफरमध्येही घालायचंच. नुसत्या एसडीएसने (सॅम्पल बफरमधल्या साबणाने) हे प्रोटीएज लगेच मरत नाही, उकळायला ठेवेपर्यंत ते सगळं फस्त करू शकतं.

५ डिसेंबर

कल्चर वाढायला वेळ लागतोय, तेवढ्यात वाचन.

बाहेरच्या मेम्ब्रेनमधली यंत्रणा टॉक, आतल्यातली टिक. टॉकमध्ये टॉक१५९ आणि टॉक३४ हे दोघं रिसेप्टर, दोघंही जीटीपी (एटीपीसारखंच इंधन) वापरणारे, आणि टॉक७५ म्हणजे प्रत्यक्ष भोक, बॅक्टेरियाच्या बाहेरच्या मेम्ब्रेनमधल्या प्रोटीनांच्या खानदानातलं. टॉक१५९ ची गंमत अशी की बरीच वर्षं लोक त्याला ८६ किलोडाल्टनचं समजत होते, टॉक८६ नाव घेऊन पेपर निघाले, आणि मग कळलं की तो तर तुटलेला तुकडा, क्लोरोप्लास्ट काढता काढता प्रोटीएजने पुढचा मोठा भाग खाल्लेला असायचा. जेल चालवणाऱ्या प्रत्येकाने हे भिंतीवर लावावं.

टिकबद्दल मात्र सरळ भांडण आहे. पुस्तकातल्या चित्रात टिक११०, टिक४०, टिक२० असं नीट रंगवलेलं असतं. २०१३ मध्ये ओसाका विद्यापीठातल्या नाकाइंच्या गटाने एक मेगाडाल्टनचं वेगळंच कॉम्प्लेक्स काढून दाखवलं, टिक२० बरोबर टिक५६, टिक१०० आणि टिक२१४. यातलं टिक२१४ हे ज्या जीनवरून बनतं ते वायसीएफ१, आणि ते न्यूक्लियसमध्ये नाही, क्लोरोप्लास्टच्या स्वतःच्या डीएनएवर आहे. म्हणजे बाहेरून माल घ्यायच्या दाराचा एक मोठा भाग आतच बनतो! मग विरोधकांनी विचारलं की गवतवर्गात तर हे जीन गळालेलंच आहे, भात, मका, ज्वारी, ऊस यांच्या क्लोरोप्लास्टमध्ये वायसीएफ१ नाही, तरी त्यांचं छान चाललंय. २०२२ आणि २०२३ मध्ये क्लॅमिडोमोनासमधल्या टॉक-टिकच्या जोडकॉम्प्लेक्सचे क्रायो-ईएमने (गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने) काढलेले स्ट्रक्चर आले, त्यात टिक२१४ ठळक दिसतं, त्यामुळे शेवाळापुरता तरी नाकाइंचा मुद्दा भक्कम झालाय असं मला वाटतं. पण उसाच्या शेतातून जाताना हा प्रश्न सुटलाय असं म्हणवत नाही.

१२ डिसेंबर

ओई२३ चं पहिलं इंपोर्ट, आणि वेस्टर्नवर सगळं गिचमिड. कारण समजायला वेळ लागला नाही, थायलाकॉइडच्या लेनमध्ये २५ ते २७ किलोडाल्टनच्या पट्ट्यात लाइट हार्वेस्टिंगची क्लोरोफिल बांधणारी प्रोटीनं ढिगाने असतात, ती जेलमध्ये खाली-वर सगळ्यांना ढकलतात आणि माझा बँड नेमका त्यांच्या खाली दबून पसरट होतो. स्ट्रोमाच्या लेनमध्ये रुबिस्कोचं मोठं सबयुनिट ५५ ला असाच धुडगूस घालतं पण ते माझ्यापासून लांब आहे. उपाय एकच, लेनमध्ये माल कमी घालायचा आणि जेल लांब घ्यायची. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की "अगं, हावरटपणे लोड करू नकोस".

लाइटही गेली मध्येच, ट्रान्स्फर चालू असताना. ब्लॉट टाकून दिला.

२० डिसेंबर

लांब जेलवर आता सगळं सुटं दिसतंय. आजचा क्रम लिहून ठेवते कारण पुढचं सगळं यावरच आहे. इंपोर्ट उजेडात, एलईडी पॅनल आणि ट्यूबा पाण्याच्या टबात म्हणजे तापत नाहीत. मग थर्मोलायसिन, मग ४० टक्के पर्कॉलच्या उशीतून पुन्हा अखंडच वेगळे काढायचे, मग सॉर्बिटॉल नसलेल्या बफरमध्ये पाच मिनिटं बर्फावर, फुगून फुटतात, की स्पिन. वरचं पाणी स्ट्रोमा, खालचा हिरवा गोळा थायलाकॉइड. थायलाकॉइडचे दोन भाग, एकाला पुन्हा थर्मोलायसिन. जे लुमेनमध्ये बंद आहे ते यावेळीही वाचतं.

चार लेन: एकूण, स्ट्रोमा, थायलाकॉइड, थायलाकॉइड अधिक थर्मोलायसिन. ओई२३ चा शेवटचा, म्हणजे सगळ्यात छोटा साइज तिसऱ्या आणि चौथ्या लेनमध्ये, आणि स्ट्रोमा रिकामा. तीन मेम्ब्रेनं पार! मामांनाही दाखवलं, ते म्हणाले "एवढीशी रेघ?" हो मामा, एवढीशीच.

३ जानेवारी

सुट्टीत टॅटवर बरंच वाचलं आणि मी आता पूर्णपणे टॅटच्या बाजूची झालेय.

सेकच्या वाटेने प्रोटीन सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखं जातं, घडी नसलेलं, उलगडलेलं, आणि मागून सेकए नावाचं प्रोटीन एटीपी जाळून ढकलत राहतं. टॅट मात्र घडी पडलेलं, पूर्ण आकारात आलेलं प्रोटीनच ओलांडून नेतं. त्याला एटीपी नको, जीटीपी नको, फक्त मेम्ब्रेनच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा फरक पाहिजे, म्हणून जुन्या पेपरांत याला डेल्टा-पीएच वाट म्हणतात. उजेड पडला की लुमेन आंबट होतो आणि त्या जोरावर हे चालतं. अख्खं घडीचं प्रोटीन जाईल एवढं भोक पडायचं आणि तरी आयन गळायचे नाहीत, नाहीतर ज्या फरकावर चालायचं तोच संपेल. हे नक्की कसं होतं यावर अजून वाद आहेत, कोणी म्हणतं थोड्या वेळापुरतं भोक तयार होतं, कोणी म्हणतं मेम्ब्रेनच पातळ होऊन ढिली पडते. भाग तीन: सीपीटॅटसी आणि एचसीएफ१०६ हे दोघं मिळून सिग्नल ओळखतात, आणि माल आल्यावर, प्रोटॉनचा फरक असेल तरच, था४ येऊन जमतं. एरवी दार म्हणून तिथे काही उभंच नसतं.

एचसीएफ१०६ सापडलं मक्यात. काही म्युटंट रोपं अंधारात यूव्हीखाली लाल चमकतात कारण क्लोरोफिलने घेतलेला उजेड कामी न लागता परत बाहेर पडतो, अशी रोपं वेचून वेचून हे जीन मिळालं. १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि त्याचे भाऊबंद बॅक्टेरियात आहेत हे लक्षात आलं, मग लगेच ई. कोलायमध्ये टॅटची जीन्स तपासली गेली. एरवी सगळं बॅक्टेरियात आधी कळतं आणि झाडांत नंतर, इथे उलटं.

आणि खर्च बघा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसमध्ये आल्डर आणि थेग यांनी २००३ मध्ये मोजलं की टॅटने एक प्रोटीन नेताना साधारण ८० हजार प्रोटॉन खर्ची पडतात, एटीपीच्या हिशोबात सुमारे १० हजार. त्याच लॅबने २०१३ मध्ये एन्व्हलप ओलांडायचा खर्च काढला, तो एका प्रोटीनला ६५० एटीपीच्या आसपास. झाडं हे सुखाने सोसतात, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

११ जानेवारी

आता विषप्रयोग. टॅट अडवायला नायजेरिसिन, ते पोटॅशियम आणि प्रोटॉनची अदलाबदल करून पीएचचा फरक मोडतं. सेक अडवायला सोडियम अझाइड १० मिलिमोलर, ते सेकएला बसतं. नायजेरिसिन इथेनॉलमध्ये विरघळवलेलं आहे म्हणून नुसत्या इथेनॉलची एक लेन. आणि सगळ्यांना बाहेरून एटीपी द्यायचंच, कारण नायजेरिसिनने क्लोरोप्लास्टचं स्वतःचं एटीपी बनवणंही बंद पडतं, मग बँड गेला तो टॅट अडला म्हणून की एन्व्हलपवरच एटीपी कमी पडलं म्हणून, हे कळणार नाही.

अझाइडबद्दल: सिंकमध्ये ओतायचं नाही, ॲसिडजवळ न्यायचं नाही, आणि दुसऱ्या अँटिबॉडीच्या जवळपासही फिरकू द्यायचं नाही कारण ब्लॉटवर रंग देणारं पेरॉक्सिडेज त्याने मरतं. ब्लॉटचा मेम्ब्रेन नीट धुवून घ्यायचा.

१८ जानेवारी

ओई२३ चा निकाल आला. इथेनॉलच्या लेनमध्ये सगळं नेहमीसारखं, छोटा बँड थायलाकॉइडमध्ये. अझाइडमध्येही तसंच, जणू काही घातलंच नाही. नायजेरिसिनमध्ये छोटा बँड जवळजवळ गायब आणि स्ट्रोमाच्या लेनमध्ये, जिथे आतापर्यंत कधीच काही नसायचं, तिथे मधल्या साइजचा चांगला ठसठशीत बँड. म्हणजे दोन मेम्ब्रेनं ओलांडली, पहिला पत्ता कापला गेला, दुसरा उघडा पडला आणि माल तिसऱ्या दाराशी उभा. मला गायब झालेल्या बँडपेक्षा हा नवा बँड जास्त महत्त्वाचा वाटतो. नुसता बँड गायब झाला तर दहा कारणं असू शकतात, क्लोरोप्लास्ट फुटले असतील, प्रिकर्सर संपलं असेल, काहीही. पण योग्य साइजचं योग्य जागी साठलेलं दिसलं की कुठे अडलंय ते कळतं.

"जवळजवळ गायब" मधलं ते जवळजवळ मॅडमना खटकलं. थोडा फिका छोटा बँड नायजेरिसिनमध्येही उरतोच. का?

२९ जानेवारी

उत्तर बहुतेक असं. नायजेरिसिन पीएचचा फरक मोडतं पण मेम्ब्रेनच्या दोन बाजूंचा विजेचा फरक मोडत नाही. आणि तो उरला तर टॅट त्यावरही चालू शकतं, दोन्ही फरक एकमेकांच्या जागी चालतात असं २००७ मध्ये थेगच्याच लॅबने दाखवलंय. त्याआधी क्लॅमिडोमोनासमध्ये आणि तंबाखूच्या प्रोटोप्लास्टमध्ये, म्हणजे अख्ख्या जिवंत पेशीत, पीएचचा फरक मोडूनही टॅटचं काम चालू राहिलेलं दिसलं होतं, त्यावरून मोठी चर्चा झाली होती की डेल्टा-पीएच हे नावच चुकीचं की काय. मला त्यात विरोध वाटत नाही. ट्यूबमधल्या क्लोरोप्लास्टमध्ये विजेचा फरक फारसा टिकत नाही म्हणून पीएचच सगळं करतोय असं दिसतं, जिवंत पेशीत दोन्ही असतात.

मग व्हॅलिनोमायसिन जोडीला घातलं, ते पोटॅशियमला वाट करून देऊन विजेचा फरकही संपवतं. दोन्ही एकत्र घातल्यावर फिका बँडही गेला.

६ फेब्रुवारी

ओई३३. याला वेळ लागला कारण प्रिकर्सर मोठं आणि युरिया पातळ करताना खाली बसायचं, शेवटी प्रिकर्सर थेंबाथेंबाने आणि ट्यूब हलवत घातल्यावर नीट झालं.

निकाल अगदी उलटा. अझाइडमध्ये मधला साइज स्ट्रोमात साठला, शेवटचा साइज फारच कमी. नायजेरिसिनमध्ये शेवटचा साइज थायलाकॉइडमध्ये आहेच, फक्त इथेनॉलच्या लेनपेक्षा थोडा फिका. फिका का हा प्रश्न लगेच आला, पण सेकला मुळात एटीपी लागत असलं तरी प्रोटॉनचा फरक मदत करतो हे माहीत आहे, त्यामुळे थोडं कमी होणं अपेक्षितच. एकाच दिवशीचे क्लोरोप्लास्ट, एकाच बाटलीतली औषधं, दोन प्रोटीनं लुमेनमध्ये एकमेकांना चिकटून बसणारी, आणि एकाचं विष दुसऱ्याला बाधत नाही.

का हा प्रश्न मॅडमनी आधीच बाजूला ठेवला होता, तरी लिहिते. जुन्या अदलाबदलीच्या प्रयोगांत ओई२३ ला ओई३३ चा पत्ता लावून बघितला होता, तेव्हा ते सेकने पार जात नाही. उलट प्लास्टोसायनिन हे लुमेनमधलं प्रोटीन, जे एरवी सेकने जातं, त्याला टॅटचा पत्ता लावला तर ते टॅटने निमूट जातं. म्हणजे टॅटला दोन्ही चालतात, सेकला ओई२३ चालत नाही. सरळ अर्थ असा की ओई२३ स्ट्रोमात पोचल्या पोचल्या घट्ट घडी घालून बसत असणार आणि घडी घातलेलं सेकच्या भोकातून जात नाही. रीस्के प्रोटीनसारख्या काहींना तर स्ट्रोमात लोह-गंधकाचा तुकडा बसवूनच पुढे जायचं असतं, त्यांना घडी मोडून चालणारच नाही. पण ओई२३ ला असं काही बसवायचं नसतं, मग त्याला एवढी घाई का, ते मला पटेल असं कुठे वाचायला मिळालं नाही.

१९ फेब्रुवारी

मॅडमचं म्हणणं होतं की विषं शेवटी विषंच, एका जागी बसतात आणि दहा जागी त्रास देतात, प्रोटीनच बदलून दाखव. टॅटच्या पत्त्यात शेजारी-शेजारी दोन आर्जिनिन असतात, टॅट म्हणजे ट्विन आर्जिनिनच. दोन्हींच्या जागी लायसिन घातले. चार्ज तोच, धनच, फक्त अमिनो ॲसिड वेगळं.

आज ब्लॉट आला. लायसिनवालं ओई२३ क्लोरोप्लास्टमध्ये व्यवस्थित शिरलंय, पहिला पत्ता कापला गेलाय, आणि सगळंच्या सगळं स्ट्रोमात मधल्या साइजला थांबलंय, थायलाकॉइडच्या दोन्ही लेन कोऱ्या. कुठलंही विष घातलेलं नाही, उजेड पूर्ण, एटीपी पूर्ण. शेजारच्याच लेनमध्ये मूळचं ओई२३ लुमेनमध्ये पोचलेलं.

मॅडमनी ब्लॉट उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाल्या आता ओई१७ पण कर, तिसरा राहिलाय. प्रायमर मागवलेत. वाटाण्याचं बी संपत आलंय, उन्हाळा लागायच्या आत दोन ट्रे तरी अजून लावायला हवेत, मामांना कोकोपीटचं सांगितलंय.